वहिनीच्या फोनसाठी अडीच क्विंटल सोयाबीन

वहिनीचा फोन कपाशीवर फवारा मारताना औषधाच्या ड्रमात पडला. मग तो तांदळाच्या डब्यात राहिला, उन्हात वाळला, चिखली या तालुक्याच्या गावच्या दुकानात उघडूनही पाहिला. शेवटी अर्धी स्क्रीन काळी आणि चार्जिंगची पिन गंजलेली, अशा अवस्थेत तो घरी परत आला. २०२५ मध्ये तुळशीचं लग्न झाल्यावर मी उंद्रीला माहेरी गेले, तेव्हा घरात हाच विषय चालू होता. फोन वहिनीचा, आणि वाद दादाचा न् माझ्या भाचीचा. वहिनी कापसाच्या ढिगाजवळ बसून बोंडातली पाती वेचत होती आणि दोघांचंही ऐकत होती.

दुकानदाराने स्क्रीन आणि पिन मिळून अडीच हजार सांगितले होते. दादाचं म्हणणं, दुरुस्त करून टाकावा. भाची चिखलीला कॉलेजात जाते. ती म्हणाली, "बाबा, तो फोन पाच वर्षांचा झाला. कंपनीनं त्याचे अपडेट कधीचे बंद केले. जागा बत्तीस जीबी, तीही भरलेली. उद्या बँकेचं ॲप म्हणेल, ह्या फोनवर मी चालत नाही. मग हे अडीच हजार कुठे शोधणार?"

दादा जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं, नवा घेऊ. पण मले एक सांग, फोन कायले पाह्यजे? बोलायले. बोलायचा बटनाचा फोन दीड-दोन हजारात येते. त्याच्यावरून पैसेबी धाडता येते म्हणतात."

हे खरं आहे. साध्या फोनवरून पैसे पाठवायची यूपीआयची सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केली. इंटरनेट लागत नाही. मी दादाची बाजू घ्यायला निघाले होते, तेवढ्यात भाची म्हणाली, "पीक पाहणी कोण करते आपल्या घरी?"

"तुही माय."

"मग हरभऱ्याचा फोटो तिनं काय तोंडानं सांगायचा?"

इथे वादाचा पाया बदलला. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी बांधावर यायचा, निदान यायला हवा होता. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, फोनला आपली जागा सापडू देऊन पिकाचा फोटो काढायचा. सातबाऱ्यावरची ती नोंद नसली तर विमा, अनुदान, हमीभावाची खरेदी, सगळीकडे अडचण येते. २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधारने नोंदणी करावी लागत होती, मग नंबर लागत होता. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला तेव्हा बाईच्या आधारचा ओटीपी लागत होता आणि नवऱ्याच्या आधारचाही. आमच्या घरची पिकाची आणि सरकारची निम्मी कामं आता वहिनीच्या हातातल्या त्या काचेतून जातात. म्हणून मी हा फोन चैनीच्या खात्यात धरत नाही. तो विळा, पंप, ताडपत्री यांच्याच रांगेतला आहे, आणि त्याची निवडही तशीच, म्हणजे काम विचारून, व्हायला हवी.

मी वहिनीला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

ती म्हणाली, "मले उन्हात दिसला पाह्यजे. त्या जुन्यावर दुपारी काईच दिसत नव्हतं, पदर धरू धरू फोटो काढा लागे. न् लाइन नाई राह्यली तरी रातीपर्यंत चालला पाह्यजे. अंगठा तं माह्या घेतच नाई कोणती मशीन."

अंगठ्याचं तिचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे. कापूस वेचून बोटांची टोकं घासतात, बोंडाची वाळलेली टरफलं टोचतात, रेषा पुसतात. फोन विकणारा बोटाच्या ठशाचं कौतुक करतो, पण वेचणीच्या हाताला त्याचा उपयोग नाही. पीएम किसानच्या केवायसीला २०२३ पासून चेहऱ्याने ओळख पटवायची सोय आली. म्हणजे वहिनीसाठी पुढचा कॅमेरा बरा असणं, हे ठशाच्या सेन्सरपेक्षा मोलाचं. कोणत्याही जाहिरातीत तिच्या या तीन गरजा एकत्र लिहिलेल्या मला दिसल्या नाहीत. उलट ५० मेगापिक्सेलचा मागचा कॅमेरा सगळीकडे ठळक छापलेला असतो.

भाचीने वहीत तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या आणि बॅटरीवर लगेच काट मारली. "दहा हजारांच्या आसपासच्या जवळजवळ सगळ्या फोनला आता पाच हजार एमएएचची बॅटरी असते. त्यात फरक नाही. फरक स्क्रीनच्या उजेडात आहे. तो दुकानाबाहेर नेऊन, उन्हात धरून बघायचा."

मग पैशांवर गाडी आली आणि खरी खडाजंगी सुरू झाली.

भाचीने एक फोन हेरून ठेवला होता, सोळा-सतरा हजारांचा. त्याला सहा वर्षं अपडेट मिळणार होते. "हप्त्यावर घेऊ," ती म्हणाली. "नो कॉस्ट ईएमआय आहे. व्याज शून्य."

दादाचा आवाज चढला. "शून्य व्याजाचा सावकार तू पाह्यला कधी? म्या तं नाई पाह्यला."

दादा सातवी शिकला आहे, पण या एका वाक्यात तो रिझर्व्ह बँकेच्या बाजूने बोलत होता. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज कुठेतरी दडवलेलं असतं. रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, किंवा दुकानदार आणि कंपनी ती रक्कम परस्पर वित्त कंपनीला देतात. वर प्रक्रिया शुल्क असतं, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असतो आणि बरेचदा न मागितलेला विमाही बिलात बसलेला असतो.

मी स्वतःही एकदा असा फोन घेतला होता. एका महिन्यात पगार चार दिवस उशिरा झाला आणि हप्ता परत गेला. वित्त कंपनीने दंड लावला, माझ्या बँकेने वेगळा लावला, आणि ती नोंद माझ्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या खात्यावर, उमटली. नोकरदाराचा पगार चार दिवसांनी तरी येतो. शेतकऱ्याच्या घरी पैसा महिन्याच्या पाच तारखेला येत नाही. तो सोयाबीन विकलं की येतो, कापूस विकला की येतो, मधले पाच महिने येतच नाही. हप्ता मात्र दर महिन्याला. आणि सिबिल खराब झालं तर त्याचा त्रास फोनपाशी थांबत नाही, तो जूनमध्ये पीककर्जाच्या टेबलावर उभा राहतो. पीककर्जाला सिबिल विचारू नका असं सरकारने बँकांना पुन्हा पुन्हा सांगितलं, यावरूनच ते विचारलं जातं हे कळतं. भाचीला मी हे सगळं सांगितलं. तिने लगेच मान्य केलं नाही, पण वहीतल्या ‘हप्ता’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

दादाला आता जोर चढला. "आन् त्या पाचशे एकच्या फोनचं इसरली का तू?" हे माझ्यासाठी होतं.

विसरले नव्हते. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ काढला होता. ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा, बाकीचे पैसे बिलातून. सीडीएमएचा तो फोन आणि जोडणी यांची गाठ बांधलेली होती, दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नसे. आपल्याकडे फोन आणि कंपनी यांचं लग्न लावायचा तो एक मोठा प्रयोग. खेड्यापाड्यात फोन नेण्यात त्याचाही वाटा होता, हे मान्य करायला हवं. पण ती गाठ आपल्याकडे टिकली नाही. अमेरिकेत २००८ मध्ये आयफोन ३जी १९९ डॉलरला मिळे, दोन वर्षांच्या कराराने बांधलेला. तोच ऑगस्ट २००८ मध्ये भारतात आला तेव्हा ३१,००० रुपयांना. करार नसला तर फोनची खरी किंमत केवढी, ते त्या दोन आकड्यांत उघडं पडलं. आज आपल्याकडचे नव्वद टक्क्यांहून जास्त ग्राहक आधी पैसे भरून मग बोलणारे आहेत, आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. हे स्वातंत्र्य लहान नाही. फक्त ते फोन घेतानाच जपायचं असतं, नंतर नाही.

"म्हून मी म्हणतो, सात हजारवाला घे. रोख. झगडाच नाई," दादा म्हणाला.

भाचीने वही उलटी फिरवून त्याच्यापुढे धरली. "बाबा, तुम्ही सोयाबीनमध्ये हिशोब करा. सोयाबीन काय भावानं गेलं?"

"चार हजाराच्या आसपास. हमीभाव पाच हजार तीनशे अठ्ठावीस, पण तो कोणाले भेटते?"

"म्हणजे सात हजारांचा फोन पावणेदोन क्विंटल. तो दोन वर्षांत मंद होणार, मग परत पावणेदोन. चार वर्षांत साडेतीन क्विंटल. मी म्हणते तो साडेदहा हजारांचा, दोन क्विंटल साठ किलोच्या वर, आणि चार वर्षं चालतो."

"चार वर्सं चालते हे कोनं सांगितलं? दुकानदारानं?"

"कंपनीनं लिहून दिलं आहे." ती सोळा हजारांवरून कधी साडेदहावर उतरली, ते आम्हां कोणालाच कळलं नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅमसंगने दहा-अकरा हजारांच्या टप्प्यातला गॅलेक्सी एफ०६ ५जी आणला आणि त्याला चार वर्षं सुरक्षा अपडेट देण्याचं जाहीर केलं. तोच घ्या असं मी सांगत नाही. पण या किमतीत चार वर्षांचा शब्द मिळतो, हे एकदा कळलं की दुसऱ्या प्रत्येक कंपनीला तोच प्रश्न विचारता येतो. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून कायदाच लागू केला आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे असं बंधन नाही, म्हणून ते आपणच विचारून घ्यायचं.

दादाने मग माझ्या मते दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला. "चार वर्सांत रिचार्जले किती जाते?"

भाचीने गणित मांडलं. रोज दीड जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज, २९९ रुपये. महिना तीस दिवसांचा आणि रिचार्ज अठ्ठावीसचा, त्यामुळे वर्षाला बारा नाही, तेरा वेळा. ३,८८७ रुपये. चार वर्षांचे १५,५४८.

सगळे थांबले. फोनच्या साडेतीन हजारांवरून दोन तास भांडलेलं घर रिचार्जचे साडेपंधरा हजार विचार न करता भरणार होतं. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी भाव वाढवले तेव्हा किती जणांनी बीएसएनएलकडे धाव घेतली ते आठवलं. तसं पुन्हा जायचं झालं, तर फोन त्या कंपनीच्या लहरी पकडणारा हवा. करार नाही म्हणजे आपण मोकळे, असं धरून चालता येत नाही. फोनच्या पोटात जे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, नाहीत, तीही एक गाठच.

भाचीला याची पक्की माहिती होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये शाओमीचा रेडमी ए४ ५जी ८,४९९ रुपयांना बाजारात आला. स्वस्त, आणि वर ५जी लिहिलेलं. पण तो फक्त स्वतंत्र ५जी पकडायचा, ४जीच्या खांद्यावर बसलेलं ५जी नाही. जिओचं ५जी स्वतंत्र, एअरटेलचं तेव्हा दुसऱ्या जातीचं. त्यामुळे एअरटेलचं सिम घातलेल्याला तो ४जीचाच फोन. खोक्यावर बारीक अक्षरात काय लिहिलं आहे, ते न वाचता घेणाऱ्याची गाठ तिथे बसत होती.

"आन् आपल्या खालच्या वावरात?" वहिनीने विचारलं. खालचं वावर नाल्याकडे उतरतं आणि तिथे बोलणं तुटतं.

"तिथं ७०० मेगाहर्ट्झ बघायचा," भाची म्हणाली. लहर जितकी खालची, तितकी ती लांब जाते आणि भिंती-झाडांतून आत शिरते. २०२२ च्या लिलावात ही लहर जिओनेच घेतली, आणि बीएसएनएलचं २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालेलं देशी बनावटीचं ४जीही या लहरीवर चालतं. फोनच्या माहितीत तिला ४जीसाठी ‘बँड २८’ आणि ५जीसाठी ‘एन२८’ लिहितात. हे दोन आकडे असतील, तर उद्या जिओ किंवा बीएसएनएलकडे जायची वाट उघडी राहते. गावात राहणाऱ्याने मेगापिक्सेल सोडून द्यावे आणि हे दोन आकडे शोधावे, असं मला मनापासून वाटतं.

मेमरीचं मात्र दादाला पटेना. "बारा जीबी रॅम लिहेल हाय सात हजारवाल्यावर. तुह्यावर चारच."

"त्यात आठ खोटे आहेत, बाबा. रॅम म्हणजे आपलं खळं, काम करायची जागा. स्टोरेज म्हणजे कोठी. कोठीतली जागा मोकळी करून तिला खळं म्हणायचं, म्हणजे ती वाढीव रॅम. मळणी कोठीत होते का?"

दादा हसला नाही, पण त्याने मान हलवली. कोठी मात्र मोठी हवी, १२८ जीबी. रोज सकाळी नातेवाईक पाठवतात त्या फुलांच्या आणि देवांच्या व्हिडिओंनी ६४ जीबी वर्षभरात भरते. कोठीचं दारही बघायचं. स्वस्त फोनमध्ये ‘ईएमएमसी’ नावाचं जुनं, अरुंद दार असतं. त्यापेक्षा रुंद दार ‘यूएफएस’चं. साडेदहा हजारांत ते मिळालं तर बरं, नाही मिळालं तर निदान आपण काय घेत नाही आहोत ते माहीत असावं.

दादाच्या भात्यात एक बाण उरला होता. गावातला एक मुलगा चार हजारांत वापरलेला फोन देत होता, मूळ किंमत बारा हजार. मी म्हटलं, वापरलेला फोन वाईट नसतो, पण त्याचं कूळ विचारावं लागतं. *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. ‘केवायएम’ लिहून पुढे तो आकडा टाकून १४४२२ वर संदेश पाठवला की फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, ते सरकारच्या नोंदीतून कळतं. बिल नसेल तर मात्र नकोच. त्या मुलाकडे बिल नव्हतं. दादाने स्वतःच विषय सोडला.

"दिवाळीच्या आधी जीएसटी उतरली ना? थोडं थांबून पाहू, अजून उतरंल," एवढं त्याने शेवटी म्हणून पाहिलं.

२२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, मोठे टीव्ही स्वस्त झाले, पण मोबाइलवर १८ टक्केच राहिले. आणि थांबण्यातही आता फायदा नव्हता. एआयच्या डेटा सेंटरसाठी जगभर मेमरी चिपची मागणी वाढली, चिपचे भाव चढले, आणि तो भार स्वस्त फोनवर आधी पडू लागला होता. रब्बीची पीक पाहणीही डिसेंबरात सुरू होणार होती.

दोन दिवसांनी आम्ही चौघं चिखलीला गेलो. भाचीने दुकानदाराला चारच गोष्टी विचारल्या: अपडेट किती वर्षं, बँड २८ आणि एन२८ आहेत का, दोन्ही प्रकारचं ५जी चालतं का, आणि सर्व्हिस सेंटर कुठे. शेवटच्या प्रश्नावर दुकानदार ज्या कंपनीबद्दल अडखळला, त्या कंपनीचा फोन तिने बाजूला ठेवला. उंद्रीहून दिवसाची मजुरी बुडवून अकोल्याला स्क्रीन बदलायला जायचं, तर स्वस्त फोन कुठला स्वस्त? वहिनी उरलेले दोन फोन घेऊन रस्त्यावर उन्हात उभी राहिली आणि तिने डाव्या हातातला निवडला. तो दहा हजार आठशेचा निघाला. हप्त्याचा कागद दुकानदाराने न विचारता पुढे केला होता. दादाने तो घडी घालून परत दिला आणि रोख मोजली. रोखीचे म्हणून तीनशे कमी झाले, त्यात जाड कव्हर आलं.

घरी आल्यावर वहिनीने पक्कं बिल वाचून घेतलं, त्यावर आयएमईआय छापला आहे का ते भाचीला दाखवायला सांगितलं, आणि सातबारा, आठ अ, पासबुक ठेवते त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घातलं. जुन्या फोनमधलं सिम काढलं. मग उजेड होता तोवर ती आणि भाची नाल्याकडच्या वावरात गेल्या, तिथे नेटवर्कची कांडी येते का ते बघायला.